हाळीवालीची दुसरी हाक

प्रिय धाकट्या,

तुझा पिक्चर गाजतोय म्हणे. परवा दुकानातून मीठ आणलं, त्या पुडीच्या कागदावर तुझा फोटो होता. दाढी वाढवलेला, कुठेतरी लांब बघणारा. खाली छापलं होतं, ‘अस्सल मातीतला दिग्दर्शक’. मिठाने तुझं नाक भिजलं होतं. राग मानू नकोस. किंवा मान, मला काय!

तुझी माणसं महिनाभर आपल्या दलदलीत राहिली तेव्हा मी काही बोलले का? माझी होडी काळी रंगवलीत, कापायला आलेलं पाणगवत तुडवलंत, वर त्या कॅमेरावाल्याला माझा चहा पातळ लागायचा. तुझे दाजी कुरकुरले तर मीच त्यांना गप्प केलं. भावाचा पहिला पिक्चर होता ना.

आईची हाळीवालीची गोष्ट मी तुला त्याच होडीत बसून पुन्हा सांगितली. धुकं उतरलं की ती आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते आणि ओ देणाऱ्याला चिखलात ओढून नेते, पण हाक एकदाच. मेलेलीला दुसऱ्या हाकेपुरता दम उरत नाही. म्हणून गवतात शिरलेल्याला आपण दोनदा हाक मारतो. पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरी आली की समजायचं, आपलं माणूस आहे. आईच्या दुसऱ्या हाकेवर तू कितीदा रडत, नाक पुसत बाहेर आलास, ते मुलाखतीत सांगितलं नाहीस.

आणि पडद्यावर काय, तर तुझी हाळीवाली दोनदा हाक मारते! पहिलीला गप्प बसलेली पिक्चरमधली पोरगी दुसरीला उठते आणि कायमची जाते. थेटरात लोक किंचाळले. मी फोन केला तर म्हणालास, ताई, एका हाकेत भीती चढत नाही गं. वर हसलास.

तुझी भाची मात्र पिक्चर बघून आल्यापासून हवेत होती. माझ्या मामाचा पिक्चर, माझ्या मामाचा पिक्चर! आपली मिरची ती, तोंडाला कुलूप कुठलं? त्या पोरीच्या नकला करून तिने शेजाऱ्यांचं डोकं उठवलं. कुणावर गेलीय ते सांगायला नको.

गेल्या आठवड्यात आम्ही गवत कापत होतो. मिरची भारे बांधायला दोऱ्या आणून देत होती. दुपार कलली आणि असं धुकं उतरलं की हातातला विळा दिसेना. मी हाक मारली. थांबले. दुसरी मारली. ओ नाही. मग मी वेड्यासारखी हाका मारतच सुटले. आणि मी जितकी ओरडत होते तितकी ती आत आत सरकत होती, धाकट्या. माझ्यापासून लांब. धुकं विरलं तेव्हा दाजींना ती सापडली, छातीभर चिखलात, दोन्ही कानांत बोटं. मी हात धरायला गेले तर माझ्याकडे बघून किंचाळली.

आता बरी आहे. जेवते, शाळेत जाते. पण मी हाक मारली की थबकते, दुसरी मारली की पलंगाखाली. जेवायला बोलवायचं तर मी मुक्यासारखी समोर जाऊन ताटलीवर चमचा वाजवते. आजीची खरी गोष्ट सांगून बघितली. म्हणते, तुला काय माहीत, पिक्चर मामाने काढलाय. खरंच की. मी नुसता तिला जन्म दिलाय.

तू बक्षीस घ्यायला जाणार आहेस असं ऐकलं. जा, पण त्याआधी इथे ये. फोनवर भागणार नाही, नुसत्या आवाजावर तिचा विश्वास उरलेला नाही. तिच्यासमोर बस आणि स्वतःच्या तोंडाने सांग, की दुसरी हाक तू घुसडलीस, लोकांनी घाबरावं म्हणून. मग मी अंगणात जाऊन तिला हाक मारीन. दोनदा. ती आली तर जेवून जा. नाही आली, तर यापुढे मलाही हाक मारू नकोस. एकदाही नाही.

अजून तरी तुझीच,
ताई