काळ्याखेरीज कुठलाही

पॅरिस, ९ फेब्रुवारी १९९७

ती. आईस,
ओदेतचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

ग्रासिंडामावशी, तुम्हालाही नमस्कार. हे पत्र नेहमीसारखं सावकाश आणि मोठ्यानं वाचा. आईचा डावा कान अजून रुसलेलाच असेल.

आई, इथे सगळे बरे आहोत. एल्झाची परीक्षा झाली. माझे सहा मजल्यांचे जिने रोज धुऊन होतात आणि रोज मळतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला एका सिनेमाचं तिकीट दिलं. इकडे सगळ्यांच्या तोंडी तोच आहे, बक्षिसंही मिळालीत. पन्नाशीतल्या एका बाईची आणि एका बाप्याची गोष्ट. मी कोटाची बाही तोंडात धरून रडले. तो तिकडे पोर्तुगालातही लागलाय, या महिन्यात तुमच्या गावच्या आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये येतोय म्हणे. नाही म्हणू नकोस, जा. त्यात ती बाई एक पत्र वाचते. तो भाग बघून तुला काय वाटलं ते मला जरूर कळव.

आणखी एक. आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला जेरार म्हणून एकजण येतो. त्याने मला लग्नाचं विचारलंय. एल्झाचा बाप सोडून गेल्याला नऊ वर्षं झाली, तरी मी अजून उत्तर दिलेलं नाही. त्याआधी तुझ्याशी बोलायचंय.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
तुझी ओदेत

---

व्हाल द अरेया, २३ फेब्रुवारी १९९७

चि. ओदेत हीस,
आईचे पोटभर आशीर्वाद. एल्झाला दोन्ही गालांवर पापे.

इकडे ठीक आहे, गुडघा सोडून. कोबीला कीड लागलीय आणि पाद्रीबुवांना सर्दी झालीय. ऊन पडलं की दोन्ही जातील.

बघितला बाई तुझा सिनेमा. लाकडी खुर्चीवर दोन तास. बोलणं सगळं फ्रेंच आणि खाली आपल्या भाषेतली अक्षरं पळतात. मला अक्षरं म्हणजे मुंग्या. म्हणून ग्रासिंडा माझ्या उजव्या कानात वाचत होती आणि मागून कसायाची बायको शुक् शुक् करत होती. शेवटी वळून तिला सांगितलं, तुला वाचता येतं ना, मग तू डोळ्यांनी ऐक. मला कानांनी बघू दे.

राग मानू नकोस, पण मला नाही आवडला. पन्नाशीची बाई म्हणे! दोन तासांत तिचा गुडघा एकदा दुखला नाही. पावसात भिजली तरी केस जागच्या जागी. दोघं जेवली, वाइन प्यायली, पण ताटं कुणी विसळली? मी शेवटपर्यंत वाट बघत होते. आणि दात! हसली की बत्तीसच्या बत्तीस.

बरं, तो विधुर, ही विधवा. मुलं मोठी झालेली, घर आहे, पेन्शन आहे. अडवणारं कुणी नाही. तरी तो पत्र लिहून ठेवतो आणि गाडीत बसून जातो, ती खिडकीत उभी राहते आणि सगळा हॉल हुंदके देतो. का गेला, तर म्हणे मनाचा मोठेपणा. पोरी, असं कुणी जात नाही. दोन माणसं निव्वळ चांगुलपणानं वेगळी होत नाहीत, मध्ये काहीतरी आलेलं असतं. सिनेमावाल्यांनी नेमकं तेच दाखवलं नाही. मला फसवल्यासारखं झालं.

आता ते पत्राचं. ती पाकीट फोडते आणि वाचते. एकटी, मनातल्या मनात, ओठसुद्धा न हलवता. मला तिच्या बाप्याचा नाही, त्या वाचण्याचा हेवा वाटला. आणि नेमकं तिथेच ग्रासिंडा रुमालात नाक शिंकरायला लागली आणि सगळ्या ओळी गिळून बसली. नंतर विचारलं तर म्हणते, काही विशेष नव्हतं, प्रेमाबिमाचं होतं. (ती म्हणतेय मी तिची बदनामी करतेय. तरी तिलाच लिहायला लावलंय.) तर त्या पत्रात काय होतं ते तू सांग.

घरी आल्यावर आवेलिनोची आठवण झाली. कॉड मासळीच्या जहाजावरचा आचारी. तुझे वडील बुडाले त्याच्या तिसऱ्या वर्षी न्यूफाउंडलंडहून त्याचं पत्र आलं होतं. तू चौदा वर्षांची, चुलीपाशी उभी राहून खणखणीत वाचलं होतंस. आपल्या घरात वाचता येणारी तू पहिली. मला पत्रापेक्षा तुझंच कौतुक. ऑक्टोबरात जहाज लागेल, धक्क्यावर ये, एवढंच त्यानं लिहिलं होतं. मी गेले. नवा काळा रुमाल डोक्याला बांधून, तूच इस्त्री करून दिला होतास. तो उतरला, माझ्याकडे बघितलं, टोपी काढली आणि न बोलता निघून गेला. नंतर फिगेराला स्थायिक झाला, तिकडेच वारला. त्या उन्हाळ्यात माझे पुढचे दोन दात पडले होते आणि धक्क्यावर मी मूर्खासारखी तोंडभर हसले होते. तेव्हापासून मी तोंड मिटूनच हसते. तुझ्या लग्नाचा फोटो काढून बघ.

लिफ्टवाल्याला काय सांगितलंस? वर-खाली करणारा माणूस आहे, जपून. पण तुझे जिने तरी वाचतील.

म्हातारीवर लोभ ठेव, कोबीइतका तरी.
तुझी आई, फेलिझ्मिना
(अक्षर ग्रासिंडाचं)

---

पॅरिस, ४ मार्च १९९७

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

ग्रासिंडामावशी, हात जोडून विनंती आहे. या पत्रातला एकही शब्द गिळू नका. रडू आलं तर थांबा, पाणी प्या आणि तिथूनच पुढे वाचा.

आई, सिनेमातल्या पत्रात खरंच काही विशेष नव्हतं. आवेलिनोच्या पत्रात होतं.

धक्क्यावर ये, याच्यापुढे आणखी दोन ओळी होत्या. त्या मी वाचल्याच नाहीत. त्यानं लिहिलं होतं की उत्तर कुणाकडून लिहून घ्यायचा संकोच तुला नको, म्हणून ते लिहूच नकोस. लग्नाला मनातून हो असेल तर त्या दिवशी काळ्याखेरीज कुठल्याही रंगाचा रुमाल बांधून ये. काळाच दिसला तर मी समजेन आणि तुला पुन्हा त्रास देणार नाही.

वाचता वाचता मी नजरेनं पुढे गेले होते. त्या ओळी दिसल्या आणि वाटलं, तू विधवेचं काळं उतरवलंस तर बाबा दुसऱ्यांदा मरतील. शाळेतल्या मुली काय म्हणतील, तेही वाटलं. तू मान वाकडी करून ऐकत होतीस आणि मी सरळ शेवटच्या नमस्कारावर उडी मारली. आणि ऑक्टोबरात रुमालाला इस्त्री केली. तू रंगाचा विचार करशील अशी भीती होती म्हणून मी स्वतःहून केली, आई. घडी मोडू नये म्हणून धक्क्यापर्यंत हातावर धरून आणला आणि तिथेच तुला बांधायला दिला.

तो तुझ्या दातांमुळे गेला असं तू धरून बसलीस, हे मला माहीत नव्हतं. तू कधी बोलली नाहीस. परवा लग्नाचा फोटो काढला आणि बघत बसले.

त्या थिएटरात मी त्या बाईसाठी रडले नव्हते. जेरारला मी अजून काही सांगितलेलं नाही. जे तुझ्यापासून काढून घेतलं तेच आपण घ्यायचं, हे मला जमत नाहीये.

माया मागायला तोंड नाही.
ओदेत

---

व्हाल द अरेया, १६ मार्च १९९७

चि. ओदेत हीस,
आशीर्वाद आहेत. ते काही काढून घेता येत नाहीत.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. ग्रासिंडा मध्येच थांबली, म्हणाली चष्म्यावर वाफ आली. मी सांगितलं, पूस आणि वाच. माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या घशात गेलंय, आता आणखी नको.

मग बिस्किटांच्या डब्यातून आवेलिनोचं पत्र काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. इतकी वर्षं मी ते अधूनमधून उघडून बघत होते. तुझ्या आवाजात ते जेवढं होतं त्यापेक्षा कागदावर मुंग्या जरा जास्त आहेत, एवढं माझ्याही लक्षात आलं होतं. वाटायचं, असतील, लिहिलेलं बोललेल्यापेक्षा लांब होत असेल. ग्रासिंडानं सगळं वाचलं. तू लिहिलंस तसंच आहे. तो साधा आचारी होता, पण मला लिहिता येत नाही याची लाज वाटू नये म्हणून त्यानं किती विचार केला होता बघ.

रागावले नाही असं लिही म्हटलं असतं, पण ग्रासिंडा समोर बसलीय आणि तिला माझं तोंड दिसतंय. तीन दिवस मी कोबीशीसुद्धा बोलले नाही. चौदा वर्षांच्या पोरीवर रागावता येत नाही आणि पंचेचाळीस वर्षांच्या बाईनं ते केलेलं नाही. मग राग ठेवायचा कुठे? घरभर घेऊन फिरतेय.

एक मात्र सारखं मनात येतं. माझ्याकडे त्या वेळी काळ्याखेरीज दुसरा रुमालच नव्हता. तू वाचलं असतंस तर उसना आणावा लागला असता. कुणाकडून, तेही ठरवलं. कसायाच्या बायकोकडे एक निळा होता. आज शुक् शुक् करते, पण तेव्हा तिनं दिला असता.

लिफ्टवाल्याला हो म्हणायचं असेल तर तोंडानं म्हण. त्याच्यासमोर उभी राहून, आणि त्यानं ऐकलं की नाही ते विचारून घे. तू माझ्याकडून काय घेतलंस याचा त्या बिचाऱ्याशी काही संबंध नाही. तुला एकटी ठेवून माझं काही परत येणार नाही.

आता पत्र लिहू नकोस. इस्टरला ये. जे आणखी असेल ते माझ्या उजव्या कानाशी बसून सांग. सार्डिन भाजेन, ताटं तू विसळ.

आणि म्हणजे, ओदेत, दातांचं काही नव्हतं. एकतीस वर्षं उगाच तोंड मिटून हसले मी. आता दात एकही उरलेला नाही, तरी तू बसमधून उतरशील तेव्हा उघडून हसून बघेन. जमलं नाही तर समजून घे, सवय गेलीय.

लोभ आहेच, तो कागदावर मागायला नको.
तुझी आई, फेलिझ्मिना
(अक्षर ग्रासिंडाचं. सगळं लिहिलं आहे. काही गाळलेलं नाही.)