ईपी, सीपी आणि चिमाकाकी

३ जानेवारी, सकाळी ७
आजपासून डायरी. माणूस पुढे गेला की सुरुवात कशी झाली होती ते त्यालाच आठवत नाही, म्हणून.
काल जेवताना रावजीकाकांनी विचारलं, तू इथं करतोस काय नक्की? दिवाळीला दोन दिवसांसाठी आलावतास, आता संक्रांत आली. मी म्हटलं, मागच्या दोन खोल्यांचा अभ्यास चाललाय. काका म्हणाले, अभ्यास कसला, एकीत झोपतोस.
झोपतो. पण झोपलो म्हणून तर सुचलं. काकांचा मुलगा गुरुप्रसाददादा मुंबईला. त्याने हौसेने दोन खोल्या बांधल्या, अटॅच्ड बाथरूम, समुद्र पाच मिनिटांवर. आणि राहतो कोण? मी. वेळणेश्वरला एवढे पर्यटक येतात, सगळे दुसऱ्यांकडे.
काकांनी मुदत दिली. शिमग्यापर्यंत खोल्या चालल्या तर राहा. नाय चालल्या तर शिमग्याला दादा येईल, त्याच्याबरोबर भिवंडी. तिथे गोडाऊनमध्ये त्याने माझ्यासाठी नोकरी बघूनच ठेवलीय.
भिवंडीला समुद्र नाही. मी जाणार नाही.

५ जानेवारी
रेट कार्ड तयार. गोव्याच्या हॉटेलात अकरा दिवस काम केलं ते फुकट गेलं नाही. चार प्लॅन. ईपी म्हणजे नुसती खोली, बाराशे. सीपी म्हणजे वर नाश्ता, पंधराशे. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, दोन हजार. एपी म्हणजे सगळं, रोज मासे, सव्वीसशे.
चिमाकाकीला समजावलं. तिने विचारलं, तो ईपीवाला जेवायचा कुठं? म्हटलं, ते आपण बघायचं नाही. मग आपण जेवाय बसू तवा तो काय करंल? म्हटलं, खोलीत बसेल. दार लावून? म्हटलं, हो.
काकी तांदूळ निवडायला लागली. म्हणजे पटलं.

८ जानेवारी
उद्यापासून मार्केट सर्व्हे. काकांची बाईक. दुपारपर्यंत परत.

१२ जानेवारी
परत आलो. पूर्णगडला एका खानावळीपासून सर्व्हे सुरू केला होता, पण मागच्या मैदानात अंडरआर्म क्रिकेटच्या मॅची होत्या आणि अंपायर आला नव्हता, म्हणून मी उभा राहिलो. फायनल सोडून येणं बरं दिसलं नसतं.
तरी निष्कर्ष काढलेत. खानावळ: मेनू नसतो, मालक वाढतो ते खायचं. उपाहारगृह: चहा चांगला, बाकी कालचं. फॅमिली गार्डन: गार्डन म्हणजे दोन कुंड्या, फॅमिली म्हणजे मालकाची. मल्टिक्युझिन: पंजाबी, चायनीज, मालवणी, कढई एकच.
आपण मल्टिक्युझिन व्हायचं. काकीला सांगितलं. चायनीज म्हणजे काय ते दाखवलं मोबाईलवर. ती म्हणाली, मी घावणे करीन.
काकांनी बाईकमधल्या पेट्रोलविषयी विचारलं. कामाच्या वेळी अशा गोष्टींनी लक्ष विचलित होतं.

२४ जानेवारी, दुपारी ३
लाँग वीकेंड! दोन्ही खोल्या गेल्या. मी पडवीत शिफ्ट.
खोली एक: सांगलीचे अजिंक्यसाहेब, बायको, दोन मुलं. एपी. खोली दोन: कराडच्या शिक्षिका दीपालीताई आणि त्यांची आई. ईपी.
प्लॅन जेवणापर्यंत नीट चालला. बांगड्याचं तिखलं झालं तशी काकी खोली दोनच्या दारात. आजी, पान वाढलंय, चला. मी तिला बाजूला घेतलं. काकी, ईपी आहे ईपी! म्हणाली, म्हातारी वासावर बसलीय मेल्या, माझ्या घशाखाली उतरंल?
आजी दोनदा भात मागून जेवल्या.

२५ जानेवारी
अजिंक्यसाहेबांनी विचारलं, आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय? म्हटलं, साहेब, तुमचं जेवण गॅरंटीड आहे. ते म्हणाले, आणि त्यांचं? तेवढ्यात काकीने आजींच्या ताटात तिसरा घावणा टाकला, आणि वर अजिंक्यसाहेबांना सांगितलं, जरा थांबा हां, आजींचं आधी होऊ दे.
साहेब म्हणाले, आम्हाला ईपी करा. मी म्हटलं, मध्येच प्लॅन बदलायची पॉलिसी नाही. काका खाटेवरून ओरडले, कर रं बदल!
केला. ग्राहकाचं समाधान महत्त्वाचं.

२६ जानेवारी
संकट. आज सोमवार. कार्डावर मीच लिहिलंय, रोज मासे. काकी म्हणाली, सोमवारी या घरात मासा? शंकराच्या गावात? तुझं कार्ड काय देवापेक्षा मोठं लागून गेलंय काय?
खरं तर आता एपीवर कुणी उरलंच नव्हतं. पण शब्द म्हणजे शब्द. बाहेरून पापलेट थाळ्या आणायला निघालो. वाटेत शाळेत झेंडावंदन, माईक बंद पडलेला. मला त्यातलं थोडं कळतं. अजून थोडं कळलं असतं तर लवकर सुटलो असतो.
चार वाजता थाळ्या घेऊन आलो. सगळे वालाचं बिरडं खाऊन झोपले होते. थाळ्या मांजराने आणि मी खाल्ल्या, काकीच्या नजरेआड, विहिरीपलीकडे.
निघताना दोन्ही कुटुंबांनी काकीबरोबर फोटो काढले. मॅनेजमेंट नेहमी पडद्यामागेच असते.

२ फेब्रुवारी
फोन सुरू! दीपालीताईंनी शाळेत सगळ्यांना नंबर दिला. काकीचा.
काकीची फोनवर बोलायची पद्धत: कोण? बरं. किती जण? या की. संपलं. प्लॅन विचारत नाही, सीझनचा वाढीव दर सांगत नाही. मी शेजारी उभा राहून चार बोटं दाखवतो, चार प्लॅन म्हणून. काल तिला वाटलं मी चार भाकऱ्या मागतोय. टाकल्या.
आता सगळ्यांना एकच दर, राहा आणि जेवा. मी वहीत त्याला एपी प्लस असं नाव दिलंय. नाव मात्र माझं आहे.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
हाऊसफुल्ल. जत्रेची गर्दी. दोन्ही खोल्या आणि पडवीसुद्धा. मी लाकडांच्या खोपीत. इथून समुद्र ऐकू येतो, खोलीतून येत नव्हता.
काकीने चौदा माणसांना वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी वाढली. मी जेवताना पाहुण्यांना हॉटेलांचे प्रकार समजावून सांगितले. छान ऐकतात. तोंडात घास असतो त्यामुळे मध्ये बोलत नाहीत.
खोल्या चालल्या. शिमग्याच्या पंधरा दिवस आधी. भिवंडी रद्द.

२३ फेब्रुवारी
पहिला ऑनलाइन रिव्ह्यू. दीपालीताईंच्या शाळेतल्या मॅडम. जसाच्या तसा उतरवतो: काका-काकी देवमाणसं. जेवण तर काय सांगू. एकच सूचना. तिथे एक तरुण पाहुणे बरेच दिवस राहिलेले दिसतात. ते जेवताना फार बोलतात. काकींना भिडेखातर सांगता येत नसावं.
मी उत्तर लिहिलं, मॅडम, मी मॅनेजर आहे. त्यांनी उलट लिहिलं, अहो, तुम्हीच तर ते.
काकांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

३ मार्च, शिमगा
दादा आला. ढोल ऐकू येत होते, मला कधी एकदा पालखीकडे जातो असं झालं होतं, पण आधी विषय संपवायचा म्हणून मीच काढला. म्हटलं, काका, अट पुरी झाली.
काका म्हणाले, झाली. खोल्या चालल्या. तू काय केलंस ते सांग फक्त.
सांगायला लागलो. खोल्या दादाने बांधल्या. फोन काकी घेते. रांधते काकी. चादरी धुते काकी. रेट कार्ड माझं, पण ते काकीने फणसाच्या तळलेल्या गऱ्यांखाली घातलंय, तेल टिपायला. म्हटलं, कन्सेप्ट माझा. दादा म्हणाला, भिवंडीत पण लागतात रे कन्सेप्टवाले, लोडिंगला.
मी काकीकडे बघितलं. ती काहीतरी बोलेल असं वाटलं. ती चुलीकडे बघत होती. मग म्हणाली, जाऊ दे त्याला. पोर हुशार हाय, हितं वाया जातंय.
मला आजवर हुशार कुणी म्हटलं नव्हतं. खोपीत जाऊन बॅग काढली.

८ मार्च, पहाटे ५
दादा एसटीच्या थांब्यावर पुढे गेला. बॅग एकच. काकी बेड्याच्या फाटकापर्यंत आली, हातात घावण्यांचं पुडकं.
म्हटलं, काकी, गणपतीला येतो. ये की, म्हणाली. पण आधी फोन कर हां. गणपतीत खोल्या भरतात. किती जण?
एकटाच, म्हटलं.
बघते, म्हणाली.