टपावरून वर्गात

रविवार, ता. ८ मार्च

ती. वहिनी,

वाकून नमस्कार. लांबून करतोय म्हणून जरा जास्तच वाकलोय.

पत्र घरी न येता तुमच्या चष्म्याच्या दुकानावर आलं, म्हणजे काहीतरी भानगड आहे हे तुम्ही पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असणार. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, दादा शेजारी बसून घसा खाकरतो, आणि आई मध्येच "जेवलास का" विचारते. मी जेवलो म्हणतो आणि फोन संपतो.

तब्येत चांगली आहे. थंडी ओसरली. खोलीत आम्ही चौघं आणि खिडकी एक, ती लांबूच्या कॉटशेजारी, म्हणून वाऱ्याचा मालक तो. लांबू म्हणजे कामावरचा माझा जोडीदार, पाय कॉटच्या बाहेर काढून झोपतो. लिफ्ट दुरुस्तीचं काम जोरात आहे. उंच इमारती रोज उठतायत आणि लिफ्ट रोज बिघडतायत, त्यामुळे मिस्त्रींचा पारा चढलेलाच असतो.

तर भानगड अशी. तुम्ही मागे त्या कॉलेजचं कात्रण पाठवलं होतंत ना, काम सोडून शिकायला येणाऱ्यांनाही घेतात, राहायला खोलीही देतात, ते? तिथे मी अर्ज टाकला.

आता गिऱ्हाइकाला थांबायला सांगा आणि पाणी प्या.

शाळेचे मार्क लिहायची वेळ आली तेव्हा पेनालासुद्धा लाज वाटली. गणितात काठावर, विज्ञानात कुणीतरी शेंडी धरून वर ओढलेला. तुम्हाला वेगळं काय सांगायचं? निकाल आणायला तुम्हीच आला होतात. दादाला "पास झाला" एवढंच सांगितलंत आणि पुढचं काही विचारायच्या आत त्याच्यापुढे चहा ठेवलात. इतक्या कमी मार्कांच्या माणसाला ते एकदम नाही म्हणत नाहीत, आधी बोलावून बघतात. मला शुक्रवारी बोलावलंय.

तुम्ही म्हणाल, पायाला भिंगरी लावून जन्मलेला हा, दोन कारखाने आणि एक गॅरेज अर्ध्यात सोडून पळालेला, याला आता बाकावर बसायची हुक्की कुठून आली? त्याला उत्तर आहे. पण ते नंतर कधीतरी. सध्या डोकं ठिकाणावर आलं असं समजा.

दादाला यातलं काही सांगू नका. तो बसथांब्यावर अनोळखी माणसालाही सांगत असतो ना, आमचा धाकटा आभाळात काम करतो म्हणून. सांगू दे त्याला.

शुक्रवारसाठी लांबूचा शर्ट मागून ठेवलाय, बाह्या दुमडून घालेन.

तुमचा,
साहेब व्हायचा बाकी असलेला धाकटा

*

शनिवार, ता. १४ मार्च

ती. वहिनी,

नमस्कार घ्या, आणि हे बसून वाचा.

माती खाल्ली.

टेबलापलीकडे तिघं होते. मध्ये एक चष्मेवाल्या बाई, एका बाजूला टक्कल पडलेले सर, आणि एक जण नुसताच लिहिणारा. बाई म्हणाल्या, "बसा."

मी म्हणालो, "बसा."

बाई हसल्या. "आम्ही बसलेलोच आहोत. तुम्ही बसा."

"तुम्ही बसा," असं म्हणून मी बसलो.

सरांनी विचारलं, "सध्या कुठे काम करता?"

"सध्या कुठे काम करता," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं, वहिनी, जीभ चावली तरी परत थोडंच येणार?

"अहो, आमची चेष्टा करायला आलात का?"

"चेष्टा करायला नाही आलो." एवढं मात्र नीट जमलं.

मग सांगावं लागलं. लिफ्ट जिथून वरखाली जाते त्या विहिरीच्या कामाला आमची दोन माणसं असतात. एक लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करतो, दुसरा वर मशीनच्या खोलीत. टपावरचा ओरडतो, "हळू खाली." वरच्याने तेच शब्द जसेच्या तसे परत म्हणायचे, "हळू खाली." ते परत ऐकू आल्याशिवाय कुणी कशालाही हात लावायचा नाही. हे इतकं अंगात मुरलंय की घाबरलो की आपोआप होतं. लांबू म्हणतो, तुझं लग्न झालं की बायको म्हणेल "जेवायला चला", तूही म्हणशील "जेवायला चला", आणि दोघं ताटाजवळ उभेच राहाल. हेसुद्धा मी त्यांना सांगून टाकलं. लिहिणारा माणूस लिहायचा थांबून हसला. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात बाईंनी सहज विचारलं, "आणि एखाद्याने परत न म्हणताच लिफ्ट चालू केली तर?"

हे मात्र मला परत म्हणता आलं नाही. मी नुसता वर छताकडे बघत बसलो. बाईंनी पाणी पुढे केलं. सर म्हणाले, "राहू दे, राहू दे, कळवू आम्ही." मी उठलो आणि दरवाजा समजून कपाट उघडलं.

आता मागच्या पत्रात राखून ठेवलेलं ते उत्तर.

जानेवारीत एका इमारतीत मी टपावर होतो. वर लांबू नव्हता, त्याला ताप होता, बदली माणूस होता. काम संपलं असं त्याने आपल्या मनाने ठरवलं आणि कुणालाही न विचारता लिफ्ट चालू करून दिली. वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं असणार. लिफ्ट मला घेऊन वर निघाली. मी ओरडलो, पण मशीनच्या घरघरीत ते बुडून गेलं आणि वरून छत येत होतं. माथ्याशी थोडी जागा सोडलेली असते, आडवं पडलं तर माणूस वाचतो, हे मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. पडलो आडवा. लिफ्ट थांबली तेव्हा छत नाकापासून वीतभर होतं. सिमेंटमध्ये एक बारीक चीर होती. ती मला अजून कागदावर काढून दाखवता येईल.

लागलं काहीच नाही, ओरखडासुद्धा नाही. मिस्त्रींनी त्या बदली माणसाच्या कानाखाली जाळ काढला, मला बसवून चहा पाजला. पोरं म्हणाली, "वाचलास लेका, आता तुला मरण नाही." मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो, दार उघडलं, समोर टप होता. एक पाऊल टाकायचं. पाय उचलेना. वहिनी, माझाच पाय, आणि मी त्याला विनवतोय. तेव्हापासून मी खालची कामं करतो. दारांच्या खाचा पुसतो, अवजारं देतो, "लिफ्ट बंद आहे" म्हणून लोकांना जिन्याकडे वळवतो. दादाचा आभाळात काम करणारा भाऊ दारात उभा राहून म्हाताऱ्यांच्या पिशव्या धरतो. मिस्त्री वाईट नाहीत. पण परवा म्हणाले, "हे बघ, महिनाअखेरपर्यंत बघेन. टपावर चढ, नाहीतर मला दुसरा माणूस घेऊ दे." काम गेलं की खोलीही गेली.

आणि एवढंच असतं तर मी कदाचित चढलोही असतो. खरी गोष्ट अजून लिहिली नाही, इतका वेळ तिच्याभोवतीच फिरतोय.

टपावर एक लाल बटण असतं. दाबलं की लिफ्ट जागच्या जागी थांबते. ते माझ्या हाताशी होतं. मला दिसत होतं. काय करायचं ते पाठ होतं. हात गेला नाही.

आणि ते मला ओळखीचं वाटलं, वहिनी. शाळेच्या परीक्षेत असंच व्हायचं. तुम्ही आदल्या दिवशी विचारलेलं सगळं यायचं मला, आठवतं ना, तुम्ही म्हणायचात सुद्धा, "येतंय की रे तुला." मग पेपर पुढे आला की हात टेबलावर पडून राहायचा, दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा. मास्तर म्हणायचे आळशी, दादा म्हणायचा उनाड. उनाड बरं वाटायचं ऐकायला, म्हणून तसाच वागत गेलो.

तेव्हा हुक्की वगैरे काही नाही. मी पळतोय. आणि पळून निघालोय कुठे, तर जिथे हात पहिल्यांदा गोठला तिथे. त्यांनी घेतलं नाही तर टप आहे, घेतलं तर कागद आहे. रात्री कूस बदलत दोन्हींचा विचार करतो, जास्त भीती कशाची ते ठरत नाही.

हे कुणाला सांगू नका. पण तुम्हाला माहीत असू दे.

तुमचा,
दारात उभा असलेला धाकटा

*

रविवार, ता. ५ एप्रिल

ती. वहिनी,

नमस्कार. आधी भांडतो, मग बातमी.

सांगितलंत ना दादाला? "कुणाला सांगू नका" याचा अर्थ तुमच्या दुकानात काय होतो ते एकदा फळ्यावर लिहून लावा. त्याचा फोन आला तो नेमका माझ्या लेखी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. हो, परीक्षा. कपाट उघडूनही त्यांनी मला नाही म्हटलं नव्हतं. कमी मार्कवाल्यांना शालेय गणिताचा एक पेपर द्यायला लावतात, त्याला बोलावलं होतं.

दादा म्हणाला, "काय रे, पोराटोरांच्या बाकावर बसणार म्हणे? मी लोकांना काय सांगू?"

माझ्याकडे दहा उत्तरं तयार होती. पण तोंडातून निघालं, "दादा, मला वर जायची भीती वाटते."

पलीकडे त्याने घसा खाकरला.

"मग उतर की खाली," तो म्हणाला. "कुणी बांधून ठेवलंय तुला?" आणि घाईघाईने फोन आईकडे दिला. पुढे काय बोलणं झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

तुमच्यावरचा राग तिथेच संपला. पण दुसऱ्या दिवशीची भीती काही कमी झाली नाही.

मोठी खोली, पंखा, सगळ्यांत मागचा बाक. माझ्या पुढ्यातल्या मुलीने पेपर हातात पडताच लिहायला सुरुवात केली, नळ सोडावा तशी. पहिला प्रश्न टक्केवारीचा. मला येत होता, वाचता वाचताच उत्तर दिसलं. हात उचलायला गेलो, आणि नाही. पेन बोटांत होतं पण बोटं कुणाचीच नव्हती. घाम मानेवरून पाठीत उतरला. वर बघितलं तर छत होतं, आणि मला खरंच वाटलं की ते खाली येतंय. उठून जावं, जिना उतरावा, स्टेशन गाठावं, कुठलीही गाडी पकडावी. पायाला भिंगरी होतीच.

त्याच चष्मेवाल्या बाई बाकांमधून फिरत होत्या. त्या म्हणाल्या, "अर्धा वेळ संपला."

माझा कागद पांढरा फटक.

मग मी एक वेडेपणा केला. बरोबर उत्तर लिहायला हात हलत नव्हता, म्हणून मी त्याला म्हटलं, बाबा, चुकीचं लिही. जे उत्तर नाही हे पक्कं माहीत आहे ते लिही. त्याला कसली भीती? आणि मी लिहिलं: सतरा. उत्तर सतराच्या जवळपासही नव्हतं. लिहिलं आणि हात सुटला. दुसरा प्रश्न, तिसरा, काही बरोबर, काही देवाच्या भरवशावर, शेवटचा तर कागदाच्या कडेला तिरका. पहिला दुरुस्त करायला वेळच उरला नाही. घंटा झाली तेव्हा बोटं दुखत होती. परीक्षेत बोटं दुखतात हे मला माहीतच नव्हतं.

मार्क कमीच आहेत. पण घेतलंय, वहिनी. सहा महिने तयारीचा वर्ग, मग परत परीक्षा, तिच्यात नापास झालो तर रस्ता मोकळा. बाईंनी तसं तोंडावर सांगितलं, गोड बोलल्या नाहीत. मिस्त्रींना मी स्वतः जाऊन सांगितलं की टपावर चढत नाही. ते म्हणाले, "बरं," आणि माझ्याकडचा पाना मागून घेतला. लांबूने ट्रंक उचलून इथवर आणून दिली. जाताना म्हणाला, "मास्तर, नापास झालास तर खिडकीची जागा देतो."

आता या नव्या खोलीत बसून लिहितोय. बाहेरून मुलांचा आवाज येतोय, सगळे माझ्याहून लहान. सहा महिन्यांनी परत तीच खोली, तोच पंखा, आणि दर वेळी सतरा लिहून कसं चालेल?

पेपर त्यांनी परत दिलाय, समोर ठेवलाय. शाळेत माझ्या पेपरावर मास्तरांना काही लिहायला जागाच नसायची, म्हणजे जागाच जागा, पण कशावर लिहिणार? खाली नुसता आकडा. या पेपरावर पहिल्या प्रश्नावर मोठी लाल फुली आहे आणि शेजारी बाईंनी बारीक अक्षरात विचारलंय, "सतरा कुठून आले?"

उद्या पहिला तास त्यांचाच आहे. मी त्यांना सांगणार आहे.

तुमचा,
भ्यालेला, तरी उद्या जाणारा,
धाकटा