विधवेची दाढ आणि दोन मग

मी, मेव्हिस ट्रेलोर, वय एक्याऐंशी, राहणार हॅरोज क्रीक, न्यू साउथ वेल्स, हे स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या बुद्धीने लिहिते आहे. गुडघे गेले, पण डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कुणी धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवू शकणारे सगळे आता टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत, एक बेरिल पॅस्को सोडून. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. बँकेत जे असेल त्यातून माझं दफन करावं, उरेल ते पर्थच्या माझ्या भाचीला, जेनिसला द्यावं. दफनानंतरच्या चहाला बेरिलने भाजलेले स्कोन पाव ठेवू नयेत. चाळीस वर्षं तोंडदेखलं कौतुक करून खाल्ले, आता सुटका व्हावी.

कलम २. आजोबांचा सोनं तोलायचा तराजू गावच्या संग्रहालयाला. तो डावीकडे किंचित झुकतो. आजोबा खाणवाल्यांकडून सोनं विकत घेत, तेव्हापासूनच झुकतो. यावर अधिक लिहीत नाही.

कलम ३. इनॅमलचे दोन पांढरे मग, निळ्या काठाचे. हेही संग्रहालयाला. यांच्याबद्दल मात्र सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण यांच्यापायी एका माणसाचं नाव गेलं.

आमच्या ओढ्यातलं सोनं माझ्या जन्माआधीच संपलं. पण पाहुण्यांना तसराळ्यात वाळू घोळवून चार कण सापडले नाहीत तर ते पुन्हा येत नाहीत. म्हणून हौदातल्या वाळूत आम्ही सकाळीच सोनं पेरतो. एका मगात काळी वाळू आणि चिमूटभर सोन्याचा चुरा, तो हौदात ओतायचा. हे काम माझं. संग्रहालयातली झाडलोटही माझीच.

१९८७ सालच्या ईस्टरच्या शनिवारी मी काचपेटीतली ‘विधवेची दाढ’ पुसायला बाहेर काढली. हा गावात सापडलेला शेवटचा मोठा सोन्याचा खडा, खरोखरच दाढेएवढा. साबणाने धुतला आणि दुसऱ्या मगात, कोरड्या वाळूत, सुकायला ठेवला. तेवढ्यात पाहुण्यांची पहिली बस आली. मी मग उचलून धावत गेले, हौदात ओतला आणि चहाचं पाणी ठेवलं. दुपारी पाहते तर पेटी रिकामी! मी शपथेवर सांगितलं, खडा पुसून मी पेटीत ठेवला होता. मला खरंच तसं वाटत होतं.

पेटीचं कुलूप आदल्या दिवशी गावचा कुलूपवाला क्लिफर्ड आह-की याने दुरुस्त केलं होतं. झालं. लोकांनी त्याच्या पणजोबांपर्यंत मजल मारली. आमच्या लोकांनी टाकलेला गाळ पुन्हा चाळून त्या चिनी माणसाने पोट भरलं होतं, हे गावाला शंभर वर्षं सलत होतं. पुरावा नव्हता म्हणून खटला झाला नाही. पण त्यानंतर एकाही घराने क्लिफर्डच्या हातात किल्ली दिली नाही. त्याने हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली आणि ओढ्याकाठी भाजी लावली. कुणी विचारलं तर “मी माळी,” म्हणतो.

२००९ मध्ये संग्रहालयाची जुनी चूल काढली, तर तिच्यामागे एक मग सापडला. आत काळी वाळू, चुरा, आणि माझ्याच अक्षरात चिठ्ठी: ‘शनिवारसाठी’. पेरायचा मग तिथेच राहिला होता. दाढ मीच हौदात ओतली होती, आणि कुणीतरी पाहुणा खिशात घालून आपल्या गावी गेला.

मी संग्रहालयाच्या समितीकडे गेले. बेरिल अध्यक्ष. ती म्हणाली, “अगं मेव्हिस, लोक चोरीसाठी येतात गं! तुझ्या धांदलीसाठी कोण येणार?” खोटं नव्हतं ते. दर ईस्टरला आमच्याकडे ‘दाढेचा चोर शोधा’ हा खेळ असतो. पाहुणे पुराव्यांचे कागद घेऊन गल्लोगल्ली हिंडतात, आणि शेवटी चहाच्या खोलीत चिनी गवती टोपीतला कुलूपवाल्याचा पुतळा उघड करतात. टाळ्या पडतात. हॉटेल, बेकरी, सगळे त्यावर जगतात. मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा चहाच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं, तर पाहुण्यांना वाटलं, मी खेळातलीच एक म्हातारी आहे. त्यांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

म्हणून इथे लिहिते: क्लिफर्ड आह-कीने काहीही चोरलेलं नाही. चूक माझी. तो पुतळा काढावा आणि हे दोन मग काचपेटीत ठेवावेत, अशी विनंती आहे. वकीलबाई म्हणतात, विनंतीच करता येते, सक्ती नाही. लोकांची तोंडं कोण धरणार?

कलम ४. माझं पत्र्याचं घर मी क्लिफर्डला देणार होते. देण्यासारखं तेवढंच आहे. गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेले, सगळं सांगितलं. तो वाटाणे सोलत होता.

“बावीस वर्षं तुला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “पण नंतरची पंधरा?”

त्याच्यासमोर यायला मी घाबरले होते, एवढंच.

घराचं म्हटल्यावर त्याने नाही म्हणून मान हलवली. “मला साक्षीदार कर.”

“अरे, मृत्युपत्रावर सही करणाऱ्या साक्षीदाराला त्यातलं घर मिळत नाही. पण वकीलबाई म्हणतात, आणखी एक साक्षीदार घेतला तर दोन्ही जमेल.”

“नको. घर घेतलं की म्हणतील, घरासाठी सही केली. घर खूप जणांना मिळतं, मेव्हिस. या गावात माझा शब्द खरा धरून कुणी कागदावर माझी सही घेतलीय का कधी?”

मी खूप विनवलं. ऐकला नाही. तेव्हा घरही जेनिसला. ती ते विकेल. क्लिफर्डला मी काहीही देत नाही, आणि याहून वाईट मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

हे मी दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं आणि त्यांच्या देखत सही केली.

हॅरोज क्रीक, १४ मे २०२४
मेव्हिस ट्रेलोर

साक्षीदार (नाव, वय व धंदा ज्याने त्याने स्वहस्ते लिहावा):
१. ट्रूडी मॅकवेन, ५२, परिचारिका
२. क्लिफर्ड आह-की, ८४, कुलूपवाला