मला आणि मना

अल मनखूल, दुबई
१८ ऑक्टोबर २०२५

प्रिय अम्मी,

सलाम. तुझी तब्येत बरी असेल, गुडघ्यांना आराम असेल अशी आशा आहे. अन्वर चाचा सोमवारी म्हसळ्याला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर तू "सगलां बरां हाय" म्हणतेस आणि लगेच फोन भावजयीकडे देतेस, म्हणून म्हटलं लिहावंच.

आम्ही ठीक आहोत. वासिफचं ऑफिस अजून देरा भागातच आहे, तुझे जावई रोज मेट्रोने जातात. उकाडा जरा उतरलाय, संध्याकाळी गॅलरीत बसता येतं. तुझी नात इनाया मजेत आहे.

माझा शनिवारचा मराठी वर्ग चालू आहे. मुलं इथेच जन्मलेली. घरी मराठी ऐकतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. वर्ग चालवणाऱ्या मृणालिनीताई तुला आठवत असतील, तू इथे असताना त्या तुझ्याकडून सांदणं करायला शिकून गेल्या होत्या.

इनाया मजेत आहे असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. तू म्हसळ्याला परत गेल्यापासून ती मराठी बोलतच नाही. घरात नाही, वर्गातही नाही. मागच्या बाकावर गप्प बसते. मी एकदा जवळ घेऊन विचारलं, तर इंग्रजीत म्हणाली, "मी बोलले तर माझंही चुकेल."

त्या रात्री मला झोप आली नाही. पुढच्या शनिवारी मी पुस्तक उघडलंच नाही. प्रत्येकाला विचारलं, मला भूक लागली हे तुमच्या घरी कसं म्हणतात? रुहानचे आजोबा मालवणचे. तो म्हणाला, "माका भूक लागली." एकीची आजी नागपूरकडची, तिच्या घरी 'मले'. मी सगळं फळ्यावर लिहिलं. खाली आपलं म्हसळ्याकडचं 'मना' मीच लिहिलं.

"यातलं बरोबर कोणतं?"

सगळे ओरडले, "मला!"

"का?"

"बुकमध्ये आहे, टीचर."

"आणि पुस्तक कोणी लिहिलं?"

दोघांनी पुस्तक उलटून कव्हर पाहिलं. मग अरफा, आपल्या शेजारच्यांची मुलगी, भीतभीत म्हणाली, "पुण्याच्या लोकांनी?" सगळे हसले, मीही हसले. मग सांगितलं, की ज्यांच्याकडे शाळा होत्या, छापखाने होते, कचेऱ्या होत्या, त्यांचं बोलणं पुस्तकात गेलं. ते शिकायचंच, कारण ते सगळीकडे वाचलं जातं. पण घरातलं बोलणं म्हणजे त्याची मोडतोड नाही. त्याचेही नियम आहेत, शोधा बघू.

फळ्यावर लिहिलं, मला – मना. खाली, तुला – आणि पुढे जागा सोडली. मागून आवाज आला, "तुना."

इनाया होती. उभी राहिली आणि अगदी तुझ्या सुरात म्हणाली, "हयां ये, तुना सांदण हवां?" एवढं बोलली आणि बाकावर डोकं ठेवून रडायला लागली.

अम्मी, त्या संध्याकाळबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. इनायाच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या, तू ताट पुढे करून हेच विचारलं होतंस. आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली, "नानी, तुला म्हणतात. तुझं मराठी चुकीचं आहे." पोरी हसल्या. तू ताट ठेवून आत गेलीस. नंतर एसीने गुडघे दुखतात म्हणून तिकीट अलीकडचं करून घेतलंस. मीही गुडघ्यांचंच खरं धरलं, कारण ते सोपं होतं.

त्या वर्गानंतर रुहानच्या वडिलांनी मला जिन्यात गाठलं. "मॅडम, घरी अशुद्ध बोलतात म्हणून तर तुमच्याकडे पाठवतो. उद्या एक्झॅममध्ये माका लिहून आला तर?" मी म्हटलं, "परीक्षेत तो मला लिहील. पण आजोबांशी काय बोलायचं ते परीक्षा ठरवणार नाही." त्यांना पटलं नाही. दोन घरांनी मुलं वर्गातून काढून घेतली. मृणालिनीताई पुढच्या वेळी स्वतः येऊन बसल्या. शेवटी म्हणाल्या, "पुस्तक पुरं करायचं, त्यात सूट नाही. शेवटचा अर्धा तास तुझा." त्यात रुहाननेही वर्ग सोडला याचं वाईट वाटतं. तो आता आजोबांशी काय बोलत असेल कुणास ठाऊक.

इनाया मात्र हळूहळू बोलू लागली आहे. निम्मं इंग्रजी, थोडं पुस्तकातलं, मधूनच तुझं. काल विचारत होती, "मी नानीला सॉरी म्हटलं तर ती बोलेल, की फोन देऊन टाकेल?" म्हणून हे पत्र लिहायला बसले.

ती शुक्रवारी फोन करणार आहे, शाळेतून आल्यावर. माफी मागताना ती अडखळेल, इंग्रजीतही जाईल. तू रागावलीस तरी चालेल. तिला तुझ्या रागाची सवय नाही, पण चालेल. फक्त फोन कुणाकडे देऊ नकोस. आणि रागावशील ते आपल्या बोलीत रागाव. माझ्यासारखं, पुस्तकासारखं बोलू नकोस.

फोन वाजेल तेव्हा इनायाच्या शेजारी बसून कान देणारी,
तुझी रुखसार