वीस फळ्यांचं पोस्टर आणि नीराची पुनव

मु. वाघखार, ता. अलिबाग
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप दाजींच्या पायाशी चांगदेवचा वाकून नमस्कार (कंबर सध्या जितकी वाकते तितका). तुमची साखर, ताईचे गुडघे आणि बागेतली सुपारीची गळ ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे, एक मी सोडून.

पुढचं वाचण्याआधी काही वस्तू कृपया डोळ्यांसमोर आणाव्यात. तुमच्या श्रीवर्धनच्या ओटीवरचा झोपाळा, जो एकवीस वर्षांत एकदाही कुरकुरला नाही. ताईचं देवघर, ज्यात एकही खिळा नाही. सुपाऱ्या वाळवायच्या तुमच्या सरकत्या चौकटी. आमच्या गावच्या दोन होड्यांची सुकाणू. खारबांधावरच्या उघाडीचं दार, जे ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत सोडतं आणि भरती चढू लागली की पाण्याच्याच रेट्यानं आपसूक मिटतं. आणि त्या उघाडीशेजारचा पाणी मोजायचा खांब, ज्यावर फूट तांबड्या रंगात आणि इंच काळ्या रंगात मीच रंगवले. हे सगळं या दोन हातांनी केलं, कोणी शिकवलं नाही. (शाळेनं मला नववीत सोडलं, हे तुम्ही जाणताच, गुणपत्रिकेवर मास्तर म्हणून सही तुमचीच आहे.) यातली एकही वस्तू अर्ध्या सुतानं चुकलेली नाही. एवढं ध्यानात ठेवून मग पुढचं वाचावं, कारण पुढे जे येतं ते वाचून तुमचा माझ्याबद्दल गैरसमज होईल आणि तो बरोबर असेल.

अलिबागेतल्या एका महाविद्यालयात येत्या शुक्रवारी संशोधकांचं संमेलन आहे. त्यात एक दालन शेतकऱ्यांसाठी ठेवलंय. पदवी विचारत नाहीत, फक्त आपलं संशोधन एका पोस्टरवर मांडायचं आणि त्याच्याशेजारी उभं राहायचं. माझं संशोधन तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे तुम्ही त्याला ‘चांगदेवचा छंद’ म्हणता. चौदा वर्षं प्रत्येक पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला पाणी खांबावर कुठवर चढलं ते मी वहीत उतरवतो. एकूण तीनशे शेहेचाळीस नोंदी. आता हा छंद राहिलेला नाही. बांधाची दुरुस्ती मंजूर झालीय, आणि कागदावर बांधाची उंची माझ्या खांबाच्या हिशेबानं बाराच फूट धरलीय, म्हणजे आज आहे तेवढीच. पाणी एवढं चढतच नाही असं सरकारी फाइलीत आहे. माझ्या वह्या वेगळं सांगतात. एकदा खारं पाणी बांधावरून आत आलं, तर गावाच्या भाताला तीन वर्षं विसरायचं. ज्यांच्या सहीनं ही उंची बदलू शकते ते साहेब शुक्रवारी तिथे येणार आहेत. तेव्हा पोस्टर चुकलं तर झोपाळा कुरकुरण्यापुरती ही गोष्ट नाही.

पोस्टर प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचं, अशी सूचना होती. आमची जागृती पुण्याला नोकरीला लागली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप इथेच ठेवून गेली, त्यात ते निघालं. माप दिलं होतं चार फूट बाय तीन फूट. आता मी सुतार माणूस. वस्तूवर लिहिलेल्या आकड्यावर माझा विश्वास नसतो, मी टेप लावतो. (दुकानदार दोन इंची म्हणून देतो ती फळी पावणेदोन भरते, हा तीस वर्षांचा अनुभव.) कोरं पान पडद्यावर पूर्ण पसरलं आणि टेप लावली. रुंदी तेरा इंच आणि वर थोडी, उंची साडेसात. सॉफ्टवेअरमध्ये शोधलं तर तिथेही नेमकं तेच लिहिलेलं. दाजी, मला त्या यंत्राबद्दल आदर वाटला. जे बोलतं तेच भरतं अशी वस्तू बऱ्याच दिवसांनी भेटली.

मग प्रश्न राहिला तो तेरा इंची फळीतून चार फुटी दार कसं करायचं, आणि हा काही माझ्यासाठी प्रश्न नव्हे. फळ्या जोडायच्या. आडव्या चार, उभ्या पाच, एकूण वीस पानं. उभ्या सांध्यात फळीवर फळी पावणेदोन इंच चढवली आणि आडव्या सांध्यात तीन सूत (इंचाला आठ सूत), की चार फूट बाय तीन फूट बरोब्बर बसतं. गणित करून पाहावं. नऊ दिवस बसलो. मथळ्याचं प्रत्येक अक्षर दोन फळ्यांवर असं कापलं की जोडल्यावर रेष सलग यावी. उघाडीचं चित्र सहा फळ्यांवर. आलेखाची निळी रेघ चार फळ्यांवरून जाते, आणि प्रत्येक सांध्यावर ती खालच्या-वरच्या रेघेला अचूक मिळते. असं काम त्या सॉफ्टवेअरमध्ये याआधी कोणी केलं नसेल, असं मला वाटलं. हे मात्र खरं ठरलं.

संमेलनवाल्यांना फाइल पाठवली. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. आपली वीस पानं मिळाली, पान तीनवर एका अक्षराचा वरचा अर्धा भाग आहे, पान अकरावर माशाचं शेपूट आहे, पान सोळा रिकामं आहे, फाइल वाटेत फुटली असावी असं समितीला वाटतं, तरी कृपया पोस्टर एका पानात पाठवावं. (पान सोळा रिकामं नाही. तिथे खाडी आहे.) मला वाटलं, शिकलेल्या माणसांना न जोडलेलं दार दिसत नाही, जोडूनच दाखवावं. पोयनाडला जाऊन वीसही पानं मोठ्या कागदावर छापून घेतली. दुकानदारानं पहिलं पान कागदात बसवण्यासाठी परस्पर लहान केलं. मी टेप काढली, त्यानं हात जोडले, मग पहिलं पुन्हा आणि पुढची एकोणीसही मापात निघाली.

घरी येऊन कडा कापल्या आणि पडवीत खळ लावून जोडायला बसलो. कोपरे दाबायला नीरा होती. ताईची भावजय दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षरं तिला जेमतेम लागतात, म्हणून आलेख काय ते मी तिला समजावून सांगत होतो: हा प्रत्येक ठिपका एक उधाण, जितका ठिपका वर तितकं पाणी वर. ती बराच वेळ बघत राहिली. एका उधाणावर बोट ठेवायची, हे शेजारच्या पोरीच्या बारशाच्या दिवसाचं का, विचारायची, आणि बरोबर असायचं. मग एका सांध्यावर तिचं बोट थांबलं.

“माझी पुनव कुठं गेली?”

मी म्हटलं, सांध्याखाली गेली असेल.

“सगली तुमची वर हायत. माझी एकच व्हती, ती खाली गेली,” असं म्हणून ती दुसरा कोपरा दाबायला गेली. दाजी, तिचं बोलणं मी सोसू शकतो, ती गप्प झाली की मला घरात उभं राहायला जागा सापडत नाही.

ती पुनव तुम्हाला आठवेल, कारण ती तुमच्यामुळेच घडली. सहा वर्षांपूर्वी श्रावणात तुमचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि मी आठ दिवस तुमच्याकडे होतो. त्यात पुनवेचं उधाण आलं. चौदा वर्षांतली ती एकच नोंद माझ्या हातची नाही. नीरा भर पावसात दुपारी बांधावर गेली, एका हातानं खांब धरला आणि पाणी चढून थांबलं तिथे कोयत्यानं खूण केली. मी परत आल्यावर म्हणाली, तुमच्या तांबड्या बाऱ्याच्या खाली दोन इंच. अकरा फूट दहा इंच; बांधाच्या माथ्याला दोनच इंच कमी. माझ्या स्वतःच्या तीनशे पंचेचाळीस नोंदींतली एकही अकरा फूट तीन इंचांच्या वर नाही. मी वहीत लिहिलं ‘अंदाजे’, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तेवढ्यावर न थांबता त्या वर्षी खांबाला डांबराचा जाड हातही दिला.

आता जे लिहितो ते ताईला वाचून दाखवू नये. सुताराला फळीत गाठ आली की तो ती सांध्यात घेतो. वरून चांगली फळी बसते, गाठ आत राहते, गिऱ्हाइकाला दिसत नाही. तो सांधा आपोआप तिथे आलेला नव्हता. आलेख मी दोन इंच डावीकडे सरकवला होता, नीराचा ठिपका बरोबर पावणेदोन इंचांत झाकला जावा म्हणून. शिकलेली माणसं विचारतील, ही नोंद कोणी घेतली, कशानं घेतली, आणि मला सांगावं लागेल की बायकोनं, कोयत्यानं. मग बाकीच्या तीनशे पंचेचाळीसही जातील, अशी भीती होती. बांध उंच करा असं सगळ्यांत मोठ्यानं सांगणारा एकच ठिपका, आणि तोच मी दडपला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पटाशी घेऊन गेलो आणि सहा वर्षांचं डांबर खरवडलं. खूण निघाली. आडवी, सरळ, जशी एखाद्या सुतारानं काटकोनी गुण्या लावून मारावी तशी. टेप लावली. अकरा फूट दहा इंच आणि एक सूत. ते एक सूत म्हणजे कोयत्याच्या पात्याची जाडी. मी तीनदा मोजलं (एकदा तर टेपच बदलून), मग तिथेच चिखलात बसून राहिलो. घरी येऊन नीराला सांगितलं की तुझं माप बरोबर होतं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “मना ठावं व्हतं. मीच मोजला व्हता ना.”

मग पुण्याला फोन लावला. जागृतीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बाबा, पानाचं माप बदललंत का? मी म्हटलं, पान तेवढंच असतं. ती म्हणाली, डिझाइनमध्ये जा, पानाचा आकार उघडा, अठ्ठेचाळीस आणि छत्तीस लिहा. लिहिलं. पान पडद्यावर होतं तेवढंच उंच दिसलं. रुंदीला टेप लावली, दहा इंच. मी म्हटलं, हे यंत्र खोटं बोलायला लागलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. एवढंच म्हणाली, “तुम्ही दाराचं चित्र वहीत काढता तेव्हा एका फुटाला एक इंच धरता ना? मग हे तेच की.” दाजी, प्रमाण मला तुम्ही सातवीत शिकवलं होतं. मी ते जन्मभर लाकडावर वापरलं. नऊ दिवस काचेवर मात्र आठवलं नाही.

नवं पोस्टर चार दिवसांत झालं. एक पान, एकही सांधा नाही. सगळा वेळ मी कुठे जोड आहे ते शोधत होतो, सवय वाईट. नीराचा ठिपका तांबडा ठेवलाय, त्याच्याशेजारी खांबावरच्या खुणेचा फोटो, टेपसकट. वर नावं दोन: चांगदेव म्हात्रे आणि नीराबाई म्हात्रे, दोन्हींची अक्षरं एकाच मापाची (पडद्यावर तपासलं, आणि प्रमाणानंही तपासलं). फाइल गेली, ‘मिळाली’ एवढंच उत्तर आलं. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. मथळ्याचा निळा छापून आल्यावर जांभळा होतो का? फोटो एवढा मोठा केला तर फाटतो का? त्यांनी पोस्टर कोपऱ्यात पंख्याखाली टांगलं तर? आज सकाळपासून तीन वेळा फाइल उघडून पाहिली, ठिपका आहे तिथेच आहे.

ताईला नमस्कार, बागेला जपा, गोड खाऊ नका. पत्र लांबलं ते मापाबाहेर गेलं, कापून घ्यावं.

तुमचा मेहुणा,
चांगदेव

ता. क. झोपाळ्याच्या कड्यांना तेल देण्याचे दिवस आलेत. मीच येऊन दिलं असतं, पण शुक्रवार होईपर्यंत माझ्या हातात तेलाची बाटली देण्यात अर्थ नाही.

दुसरा ता. क. खरं काम आता लिहितो. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं अलिबागेत यावं. मात्र ओळख दाखवू नये. मला धास्ती आहे की आमच्या पोस्टरसमोर कोणी थांबणारच नाही. तुम्ही धोतर-टोपीत, हातात छत्री घेऊन उभे राहिलात की चार माणसं आपोआप थांबतील, शाळेतही थांबत. साहेब जवळ आले की मोठ्या आवाजात एकच प्रश्न विचारावा: हा सगळ्यांत वरचा ठिपका कोणी मोजला? प्रश्न मला विचारू नये, नीराला विचारावा. मी नको म्हटलं तरी ती उत्तर देईल. तिनं आठवडाभर काही तयारी केलेली नाही, मी विचारलं तर म्हणते, झालं ते सांगायला तयारी कसली.

तिसरा ता. क. तुम्ही विचाराल म्हणून आधीच लिहितो, कोणाकडून ऐकण्यापेक्षा बरं. परवा मुंबईहून एक गृहस्थ मांडव्याच्या बोटीनं आले होते, मोठ्या सल्लागार कंपनीतले. त्यांना चौदाही वह्या हव्या होत्या, नीराच्या नोंदीसकट. पोस्टर त्यांच्या कंपनीचं झालं असतं, माझं नाव खाली आभारात आलं असतं, आणि नीराचं कुठेच नाही, कारण निरक्षर बाईचं नाव दिसलं की आकड्यांचं वजन जातं म्हणे. मी नाही म्हटलं. नीराला अजून सांगितलेलं नाही. वह्यांचे साठ हजार देणार होते, आणि तिचं नाव गाळण्याचे वेगळे पंधरा; एकूण पंच्याहत्तर हजार.