बिस्किटाचं भाडं

३ जून १९९६
कारखान्यातून रिटायर होऊन तिसरा दिवस. आठचा भोंगा झाला, चपला घातल्या, परत काढल्या. काही वाटलं नाही. फंडाचे सगळे पैसे सोन्यात घातले. दहा तोळ्यांचं एक बिस्किट. लोक बँकेत पैसे कुजवतात. अडाणी.

४ जून
प्रश्न एकच, ठेवायचं कुठे. आजपासून शास्त्रशुद्ध तुलना. तीन रकाने आखले: घर, सोनार, बँक. राहात्याच्या बँकेत लॉकरचं भाडं वर्षाला तीनशे. राधाकृष्ण सोनार तिजोरीत फुकट ठेवतो म्हणाला, वर चहाही पाजला. म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय.
केशर म्हणाली, "माझ्या हातात घाला की. भाडं न्हाई पडायचं."
आमच्या लेकीच्या, दीपाच्या लग्नात तिच्या पाटल्या मोडल्या, तेव्हा रिटायर झालो की नव्या करून देईन असं मी म्हणालो होतो. तिला समजावलं, घडणावळ म्हणजे शुद्ध नुकसान, आणि ही गुंतवणूक आहे. ती भाकरी थापत राहिली. चौथा रकाना आखला नाही.

९ जून
घर जिंकलं. भाडं शून्य. बिस्किट गव्हाच्या कोठीत, तळाशी. केशरला सांगितलं नाही. गुप्तता महत्त्वाची.

१६ जून, दुपारी
केशरने कोठी धुवायला काढली आणि उरलेला गहू दळायला नेला. पळत गिरणीत गेलो. भिमाजी गिरणीवाल्याने पट्टा थांबवला. सगळ्या बायकांसमोर डबा उपसला. काय हरवलं म्हणून विचारलं, तोंडातून निघून गेलं, बिस्किट. भिमाजी म्हणाला, गव्हात बिस्किट ठेवल्यावर उंदीर सोडतोय व्हय. मग ते निघालं. पिवळंधमक. कुणी हसलं नाही.

१७ जून
पुणतांब्याहून साडू आला, पेढे मागायला. तिथवर बातमी गेली. घर बाद. बँकच बरी.

२० जून
मॅनेजर म्हणाले, लॉकर हवा तर आधी पंधरा हजारांचं फिक्स डिपॉझिट ठेवा आणि नंबर लावा. पैसे कुठून आणू? सगळे सोन्यात. राधाकृष्णकडे बिस्किट कापून तीन तोळे मोडले. कापल्यावर कंपनीचा छाप गेला म्हणून त्याने भाव पाडला. पण हिशेब बघा, डिपॉझिटच्या व्याजात लॉकरचं भाडं निघतं. म्हणजे लॉकर फुकट! राधाकृष्णला हे पटवलं. त्याने पुन्हा चहा पाजला.

२ जुलै
नंबर येईपर्यंत सोय हवी. नगरहून लोखंडी कपाट आणलं, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. दोन तोळे मोडले. हे तात्पुरतं.

५ सप्टेंबर
एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. सोनं दर महिन्याला पगार देत नाही. किराणा आणि लाईट बिलासाठी जुलैपासून दर महिन्याला अर्धा तोळा मोडतोय, आजही मोडला. पुढच्या महिन्यापासून कडक काटकसर.

११ डिसेंबर
परत अर्धा. भाव उतरलाय. तोही तात्पुरताच. तुलनेचा तक्ता नव्या कागदावर चांगल्या अक्षरात उतरवून काढला. दिवस बरा गेला.

१८ मार्च १९९७
लॉकर मिळाला. दोघांच्या नावावर, म्हणून केशरला घेऊन गेलो. सही करताना तिच्या काचेच्या बांगड्या टेबलावर वाजल्या. मॅनेजर लॉकर उघडून बाहेर गेले. आम्ही दोघांनी आत वाकून पाहिलं. प्रशस्त आहे.
खिशात पुडी होती. एक तोळा उरलाय. तिला म्हणालो, पाटल्या काही होणार नाहीत, पण एक अंगठी होईल, राधाकृष्णकडूनच करून घेऊ. तिने पुडी माझ्या हातातून घेतली आणि लॉकरमध्ये ठेवली.
"राहू द्या आता. भाडं भरलंय न्हवं."
घरी आलो. काही वाटलं नाही, असं लिहायला बसलो होतो. लिहवेना. चारचा भोंगा झाला. केशरने चहा आणून ठेवला.